विकायची नसलेली गाडी

प्रज्ञेश बैसाणेने पहिली गाडी घ्यायची ठरवली आणि पुढचे साडेचार महिने तो फक्त लोकांना विचारत फिरला. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या ज्या कारखान्यात तो सुपरवायझर होता तिथल्या मॅनेजरला विचारलं, गेटवरच्या चहावाल्याला विचारलं, सासऱ्यांना विचारलं, केस कापता कापता न्हाव्यालाही विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. रंग पांढराच घे. घेशील तर हेच मॉडेल घे. चार वर्षांनी विकायला काढलीस तर सकाळी फोटो टाक, संध्याकाळी गाडी गेलेली असेल.

दीप्ती, त्याची बायको, शोरूममध्ये एका फिरोजी गाडीपाशी बराच वेळ रेंगाळली. त्या गाडीची सीट उंच होती आणि दीप्ती चणीने लहान. दार उघडून ती आत बसली आणि म्हणाली, "इथून रस्ता सगळा दिसतो."

"फिरोजीला रिसेल नाही," प्रज्ञेश म्हणाला आणि तो विषय तिथेच मिटला.

पांढरी गाडी कोसाडच्या वसाहतीत आली तेव्हा खालच्या मजल्यापासून वरपर्यंत सगळे गॅलरीत आले. प्रज्ञेशच्या आईने, अंजनाबाईंनी, चाकाखाली लिंबू ठेवायचं म्हणणाऱ्या शेजारणीला हसून बाजूला केलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि मग लेकाला विचारलं, "उद्या विकायचीच आहे, तर आज घेतलीस कशाला?"

"मम्मी, तुला नाही कळणार," तो लाडाने म्हणाला. अंजनाबाईंना खरंच कळलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात घेतलेल्या वस्तू दोनच तऱ्हेने घरातून गेल्या होत्या. एक तर झिजून, नाही तर गरजवंताला देऊन.

अंजनाबाई एकावन्न वर्षांच्या होत्या. लग्न होऊन अमळनेरहून सुरतेला आल्या त्याला तीस वर्षं झाली होती. नवरा सोमा पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर फिटर होता. दोन वर्षांपूर्वी कान जरा मंद झाले म्हणून त्याने काम सोडलं. अंजनाबाईंनी स्वतःचा धंदा उभा केला होता. रिंग रोडवरच्या मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे आणायचे, वसाहतीतल्या पंचवीस-तीस बायकांना वाटून द्यायचे, त्यांच्याकडून खडे, टिकल्या, लेस लावून घ्यायची आणि माल वेळेत परत पोचवायचा. बायका त्यांना अंजनामासी म्हणत. मासीने दिलेली वेळ चुकत नाही, असं मार्केटमधले शेठलोकही सांगत. वेळ चुकू नये म्हणून मासी रिक्षात गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत अंग चोरून बसत आणि उतरताना गुडघा धरून उतरत.

घरात गाडी आली म्हणून यातलं काही बदललं नाही, कारण गाडीचे कायदे होते. सीटवरचं कारखान्यातून आलेलं प्लास्टिक काढायचं नाही. आत काही खायचं नाही. ओल्या छत्र्या डिकीत नाही, पायाशी पिशवीत. उन्हाळ्यात त्या प्लास्टिकवर पाठ चिकटायची आणि उठताना टर्र आवाज यायचा. दीप्ती म्हणायची, आपण गाडीत बसत नाही, पाकिटात बसतो.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एके दुपारी माल तीनला पोचवायचा होता आणि सांगितलेला रिक्षावाला आलाच नाही. प्रज्ञेश घरी होता. आईचा चेहरा बघून तोच म्हणाला, "चल, मी सोडतो." डिकीत जुनी चादर अंथरून चार गठ्ठे ठेवले, दोन मागच्या सीटवर. वराछाच्या पुलावर ब्रेक लागला, वरच्या गठ्ठ्याची गाठ सुटली आणि साडीवर भुरभुरलेली सोनेरी चमकी गाडीभर झाली.

माल वेळेवर पोचला. पण पुढचा रविवार प्रज्ञेशने व्हॅक्यूमची नळी घेऊन गाडीत काढला. ब्रशने झाडलं, ओल्या फडक्याने टिपलं, चिकटपट्टी लावून उपटलं. जिथून काढावी तिथून पुन्हा लखलखायची. तो आईला एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी दमून खाटेवर बसला आणि एवढंच म्हणाला, "चमकीवाली गाडी कोण घेईल मम्मी?" त्याच्या भुवयांवरही चमकी होती. अंजनाबाईंना वाईट वाटलं आणि हसूही आलं, म्हणून त्या उठून आत गेल्या.

त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. मार्केटच्या पार्किंगमध्ये त्यांनी एकदा त्यांच्याच वयाची, त्यांच्यासारखीच सुती साडी नेसलेली एक बाई पाहिली होती. दोन टेम्पोंच्या मधून तिने मागे न बघता, नुसत्या आरशात बघून गाडी सरळ बाहेर काढली होती. अंजनाबाई गठ्ठा डोक्यावर घेऊन तिथेच थांबल्या होत्या आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या होत्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सोमाला सांगितलं.

"तुला चालवायची आहे?" सोमाने विचारलं. "मग शिक. बॉयलरपेक्षा काय अवघड असतंय?"

प्रज्ञेश शिकवायला तयार झाला. नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं असतं. वसाहतीमागच्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी सहाला त्याने आईला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः हँडब्रेकवर हात ठेवून बसला. गाडी एक धक्का खाई आणि बंद पडे. प्रत्येक धक्क्याला प्रज्ञेश डोळे मिटून घेई. "मम्मी, क्लच... हळू, क्लच प्लेट जाईल... मम्मी, डावीकडे खांब आहे... खांब..." खांब वीस फूट लांब होता. अर्ध्या तासाने अंजनाबाईंनी स्वतःच चावी फिरवून गाडी बंद केली.

"तुझी गाडी विकायची आहे, बाळा," त्या म्हणाल्या. "तिच्यावर शिकता येणार नाही."

त्यात राग नव्हता, हे प्रज्ञेशलाही कळलं.

खालच्या मजल्यावर उखाभाऊ राहायचे. नवापूरकडचे, आयुष्यभर टेम्पो चालवलेले, आणि सुरतेत पस्तीस वर्षं काढूनही घरात-दारात अहिराणीच बोलणारे. अंजनाबाईंनी त्यांच्या कानावर घातलं की मला एक गाडी पाहिजे, जुनी चालेल, पण मागे गठ्ठे बसले पाहिजेत. आठ दिवसांत उखाभाऊ जिना चढून वर आले.

"अडाजणले एक मास्तरनी गाडी शे," ते म्हणाले. "चांगली शे बहीन. फक्त बजारमा तिले कोनी इचारत नही."

का विचारत नाही, ते प्रज्ञेशने फोनवर शोधून सांगितलं. गाडी बनवणारी परदेशी कंपनी केव्हाच इथला कारभार गुंडाळून निघून गेली होती. जुन्या गाड्यांची खरेदी करणाऱ्या ॲपवर त्याने मॉडेलचं नाव टाकलं, तर उत्तर आलं की या मॉडेलला सध्या भाव उपलब्ध नाही. त्याने फोन आईपुढे धरला. "बघ. भाव कमी नाही, भावच नाही. ही एकदा घेतलीस की गळ्यात पडली."

"गळ्यातच पाहिजे मला," अंजनाबाई म्हणाल्या.

रविवारी सगळे अडाजणला गेले. गाडीचे मालक दीपक सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे; मुलीकडे परदेशी जाणार म्हणून घर आवरत होते. त्यांची गाडी जांभळ्या भरताच्या वांग्याच्या रंगाची होती. साड्यांच्या धंद्यात त्याला वाइन म्हणतात, पण उखाभाऊंनी बघताक्षणी "वांगं शे" म्हटलं आणि तेच नाव पडलं. सरांकडे याआधी चार गिऱ्हाइकं येऊन गेली होती. चौघांनीही गाडीला वळसा घातला, कितवा मालक, किती किलोमीटर असं विचारलं, आणि कंपनीचं नाव वाचून मान हलवत गेले. शेवटच्याने तर भंगाराचा भाव सांगितला होता. सर हे सांगताना कसनुसं हसले. दहा वर्षं त्यांनी ती गाडी मुलीसारखी जपली होती.

अंजनाबाईंनी वेगळंच विचारलं. "मागची सीट पुरी आडवी पडते का?"

सरांनी पाडून दाखवली. अंजनाबाईंनी येताना दोन भरलेले गठ्ठे सोबत आणलेच होते. ते आत सारले, हाताने उरलेली जागा मापली, ओठ हलवत हिशेब केला आणि म्हणाल्या, "आठ बसतील."

सोमाने बॉनेट उघडायला लावलं. खिशातून हातभर लांब पेचकस काढला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मिलमध्ये पंपाचे बेअरिंग तो असेच ऐकायचा. लोकांचं बोलणं त्याला अर्धं ऐकू येई, पण लोखंडातून आलेला आवाज नीट कळे. एक जागा, दुसरी जागा, तिसरी जागा असं करत तो पाच मिनिटं ऐकत राहिला. सर श्वास रोखून बघत होते.

"मन लावून वापरली आहे," सोमा म्हणाला.

सरांनी चष्मा काढून पुसला. सौदा नव्या स्कूटरच्या किमतीत झाला. पैसे अंजनाबाईंच्या स्वतःच्या कमाईचे होते, म्हणून चावी सरांनी त्यांच्या हातात दिली आणि वर जुनं सर्व्हिस बुक, एक जादा आरसा आणि डॅशबोर्डवरचं लाकडी कासवही दिलं.

शिकवायला उखाभाऊच बसले. ते हँडब्रेकला हातही लावत नसत. खिडकीतून बाहेर बघत तंबाखू मळत बसायचे. गाडी बंद पडली की म्हणायचे, "पाय हळू सोड. घाई कोनले शे?" अंजनाबाई हळू सोडायच्या. तिसऱ्या दिवशी गाडी धक्का न खाता निघाली. पाचव्या दिवशी वळली. नवव्या दिवशी मागे घेताना पाण्याच्या टाकीच्या कठड्याला घासली आणि डाव्या दारावर कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा लांब ओरखडा उमटला.

अंजनाबाई उतरल्या. सोमा जवळच उभा होता, तोही आला. दोघांनी वाकून ओरखडा पाहिला. अंजनाबाईंनी पदराने तो पुसला, अर्थात पुसला गेला नाही. त्यांना वाटलं आता कुणीतरी काहीतरी बोलेल.

"आते लागनी ना," उखाभाऊ आतूनच म्हणाले, "मंग भेव गया. बस, चाल."

आणि खरंच, त्यानंतर अंजनाबाईंचे खांदे सैल झाले.

पालच्या आरटीओत परीक्षा झाली तेव्हा पहिल्या खेपेला आठचा आकडा काढताना रेषेवर चाक गेलं आणि त्या नापास झाल्या. घरी येऊन त्यांनी अंगणात खडूने तो आकडा आखला आणि पंधरा दिवस त्याच्यावर गाडी फिरवली. वसाहतीतल्या बायका खडे चिकटवायचं काम खाली घेऊन यायच्या आणि बघत बसायच्या. दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. लायसन्स आलं त्या दिवशी आठ गठ्ठे भरून त्या स्वतः मार्केटला गेल्या, दोन टेम्पोंच्या मध्ये गाडी लावली, आणि ओळखीच्या हमालाने "मासी, ड्रायव्हर कुठंय?" म्हणून विचारलं तेव्हा त्याच्या नाकासमोर चावी हलवली.

यानंतर जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. एका सकाळी उखाभाऊंची बायको सुभद्राबाई गाडीजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी पण बसू का गं तिथं? नवऱ्याने पस्तीस वर्षं टेम्पो चालवला, मला कधी स्टिअरिंग धरू दिलं नाही." अंजनाबाईंनी सरकून जागा दिली. मग समोरच्या इमारतीतली नर्स छाया आली. मग दीप्ती आली. प्रज्ञेशच्या गाडीला तिने एकदाही हात लावला नव्हता. त्याने मना केलं म्हणून नाही, आपणच काहीतरी खराब करू या धास्तीने. वांग्याला आता खराब होण्यासारखं काही उरलं नव्हतं. शिकाऊ लायसन्सचे कागद अंजनाबाई आधी बघून घ्यायच्या आणि मग सकाळी सहा ते सात जिला हवं तिला शिकू द्यायच्या. दोन वर्षांत त्या गाडीवर अकरा बायका शिकल्या. उजव्या दाराला पोचा पडला, मागच्या बंपरला दोरी आली.

कधी गाडी सोमाच्या जिवावर चालली हेही खरं. एकदा पुढच्या चाकाचा एक बुश, कड्यासारखा छोटा भाग, तुटला आणि सुरतभर हिंडून मिळाला नाही. गाडी एकोणीस दिवस उभी राहिली आणि अंजनाबाई पुन्हा रिक्षात अंग चोरून बसल्या. शेवटी सोमाने तुटका तुकडा कागदात गुंडाळून सचिनला नेला आणि ओळखीच्या लेथवाल्याकडून अगदी तसाच नवीन बनवून आणला. दोन करून आणले, एक जादा. तेव्हापासून कुठल्याही सिग्नलला त्याच मॉडेलची दुसरी गाडी दिसली की दोन्ही गाड्यांच्या काचा खाली यायच्या. "पार्ट कहाँ से लाते हो?" पलीकडचा विचारायचा. सोमाचा फोन नंबर अशा सात-आठ जणांकडे गेला होता, आणि सोमाला पुन्हा कुणीतरी फिटर म्हणून हाक मारत होतं.

चार वर्षं झाल्यावर प्रज्ञेशने पांढरी गाडी विकायला काढली. लोकांनी सांगितलं होतं ते शब्दशः खरं ठरलं. सकाळी नऊला फोटो टाकले, दुपारपर्यंत सहा फोन आले, आणि संध्याकाळी कतारगामचं एक जोडपं आलं तेच व्यवहार करून गेलं. भाव इतका चांगला आला की प्रज्ञेशने तो आईला दोनदा सांगितला. अंजनाबाईंनी त्याची पाठ थोपटली. "तू म्हणालास तसंच झालं," त्या मनापासून म्हणाल्या.

त्या जोडप्याला वर्षाची मुलगी होती. कागदांवर सह्या चालू होत्या तोवर त्या बाईने मागचं दार उघडलं, मुलीला सीटवर ठेवलं, मुलगी प्लास्टिकवरून घसरली. बाईने सहज कडेला नख घातलं आणि प्लास्टिक ओढलं. लांबलचक फाटल्यासारखा आवाज झाला. आतून करड्या रंगाचं मऊ कापड निघालं, त्यावर बारीक निळी नक्षी होती. मुलीने त्यावर दोन्ही हात आपटले.

प्रज्ञेश पेन हातात धरून बघत राहिला. गाडी गल्लीतून वळून गेल्यावरही तो तिथेच होता.

"निळी नक्षी होती," तो म्हणाला. "मी चार वर्षांत बघितलीच नाही."

"छान होती," दीप्ती म्हणाली. तिने त्याला टोमणा मारला नाही, याबद्दल अंजनाबाईंना सुनेचं फार कौतुक वाटलं.

नवी गाडी ठरायच्या आत अमळनेरहून बहिणीचा, ताराचा, फोन आला. तिच्या मुलाचा मंगल परिणय पुढच्या रविवारी होता. तिकिटं मिळेनात, तेव्हा वांग्यानेच जायचं ठरलं. शनिवारी पहाटे अंजनाबाई स्टिअरिंगवर, शेजारी सोमा, मागे दीप्ती आणि प्रज्ञेश, आणि मध्ये आहेराच्या साड्यांचा गठ्ठा. बारडोली मागे पडल्यावर दीप्तीने डबा उघडला. प्रज्ञेशने सवयीने डब्याखाली हात धरला. मग त्याने तो हात काढून घेतला आणि चिवड्याची मूठ भरून तोंडात टाकली. शेंगदाणे खाली सांडले. कुणी वाकून उचलले नाहीत. व्यारा येईपर्यंत त्याने बूट काढले होते, सोनगडला खिडकीवर डोकं टेकून झोपला होता, आणि सोमा आरशातून मागे बघून हळूच म्हणाला, "किती दिवसांनी असा झोपला."

नवापूरला चहाला थांबले. प्रज्ञेशने दीप्तीला विचारलं, "तुला ती फिरोजी अजून आवडते का? घेऊ या तीच."

दीप्ती हसली. "तेव्हा मी चालवत नव्हते ना. आता कळतं, तिची डिकी एवढीशी आहे आणि मागचं काही दिसत नाही. आपण चार-पाच चालवून बघू. मी चालवून बघेन." पुढे दीड महिन्याने त्यांनी घेतली ती उंच सीटची, मोठ्या डिकीची, विटकरी रंगाची गाडी. ती परत काय भावाने जाईल हे प्रज्ञेशने ॲपवर बघितलंच, कारण स्वभाव एका दिवसात जात नाही. पण ते त्याने गाडी घरी आणल्यावर बघितलं.

कोंडाईबारीचा घाट अंजनाबाईंनी चढवला. मागे ट्रक हॉर्न देत होते, त्यांनी घाई केली नाही. घाट संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, चावी दीप्तीच्या हातात दिली आणि मागे लेकाशेजारी जाऊन बसल्या. तिथून धुळ्यामार्गे पुढचा सगळा रस्ता सुनेने मारला.

ताराच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा मंडपाचे बांबू उभे राहत होते. दीप्तीने एका झटक्यात गाडी मागे घेऊन भिंतीलगत लावली. "जय भीम मावशी," म्हणत ती उतरली. तारा पुढे आली, तिने बहिणीला मिठी मारली आणि मग गाडीकडे बघत विचारलं, "तू चालवत आणली?"

"मी आणि ही."

तारा पासष्ट वर्षांची. तिच्यामागून दोन चुलत बहिणी हळदीच्या हातांनी आल्या. तिघी गाडीभोवती फिरल्या, ओरखड्यावरून हात फिरवला, कासवाला बोट लावून पाहिलं. लग्नघरात कामाचा डोंगर होता. स्वयंपाकी तेल मागत होता, मंडपवाला पैसे मागत होता.

"बोरी नदीपर्यंत नेशील का?" ताराने हळू आवाजात विचारलं. "पंधरा मिनिटांत येऊ. कोणाला कळायचं नाही."

अंजनाबाई तीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आल्या होत्या आणि पाठ अवघडली होती. त्यांनी पदर खोचला आणि चावी मागितली. तारा पुढे बसली, दोघी चुलत बहिणी मागे, हात कुठे टेकू नयेत म्हणून वर धरलेले.

"टेका गं हात," अंजनाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी गाडी बंद पडलेल्या मिलच्या रस्त्याने नदीकडे घेतली.